पॅसेजचा उतार

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार, खुशाली वगैरे पत्राच्या डोक्यावर जे लिहितात ते सगळं लिहिलंय असं समज. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी भावोजी शेजारी कान टवकारून बसतात. पत्र निदान बाथरूममध्ये नेऊन एकटीला वाचता येतं.

तर आम्हाला खोली मिळाली. निघताना तू दारात उभी राहून 'मिळेल गं कुठेतरी' म्हणाली होतीस ना, ते कुठेतरी मिळालं. अख्खा हिवाळा गेला त्यात. शहरात खोल्या नाहीत असं मुळीच नाही. ढीगभर आहेत, फक्त आम्हाला पाहिलं की त्या कालच कोणीतरी घेतलेल्या असतात. एका दलालाने बिनखिडकीची खोली दाखवली आणि वर म्हणाला, "खिडकी नाही म्हणजे चोराचीही भीती नाही." दुसरीकडे भाडं जमत होतं, तर संडासाची किल्ली मालकिणीच्या कमरेला. तिने ठकीकडे बोट दाखवून विचारलं, "ही रडते का?" मी म्हटलं, सहा वर्षांची आहे, तुमच्याकडे बघून रडेल कदाचित. तिथूनही बाहेर. एकाने ह्यांचे हात पाहिले, सिमेंटने फाटलेले, आणि म्हणाला की आम्हाला नोकरदार कुटुंब हवंय. फरशी बसवणारा माणूस नोकरदार नसतो, आणि हॉटेलातल्या चादरी धुणारी बाई बहुतेक कुटुंबातच धरत नाहीत.

तोवर आम्ही कुठे होतो ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. ह्यांच्या ठेकेदाराच्या गोदामात, फरशांच्या खोक्यांमध्ये अंथरूण घालून. तिथल्या धुळीने ठकीला खोकला धरला. साधा खोकला नाही, खोकता खोकता ओठ काळपट व्हायचे. डॉक्टर म्हणाले, मुलीला त्या जागेतून काढा, औषध त्यानंतर. मी त्यांना म्हटलं, चिठ्ठीवर तेवढी जागाही लिहून द्या म्हणजे औषधाच्या दुकानातून आणते. ते हसले नाहीत.

आता ऐक. खोली दुसऱ्या मजल्यावर. दोन खिडक्या, एकीतून सकाळचं ऊन थेट गादीवर. भाडं बाजारभावाच्या निम्मं. का निम्मं, हा प्रश्न मलाही पडला, पण मी तो तोंडातून बाहेर पडू दिला नाही. मालक तरुण आहे, फार मऊ बोलतो. म्हणाला, इमारत जुनी आहे, फरशीबिरशीची कामं तुमच्या ह्यांनी करून द्यायची, ती भाड्यात धरू. आणि शेजारी एक वृद्ध बाई आहेत. "त्यांच्यावर जरा लक्ष असू द्या. मी काही म्हणत नाही, फक्त लक्ष."

बाकी सगळ्या दारांना कुलपं आहेत. नळावर रांग नाही, भांडण नाही. ठकी दोन रात्री न खोकता झोपली. तुला सांगायचं होतं म्हणून लिहिलं, दुसरं काही नाही.

तुझी धाकटी

*

२६ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. बरं. मी लिहिणार आहे, कारण ठकी झोपली की माझ्याशी बोलायला भिंतच उरते, आणि भिंतीपलीकडे आजी असतात.

आजी म्हणजे शेजारच्या. टेलिफोन खात्यात होत्या, तारा जोडून देणाऱ्या. अजूनही दार ठोठावलं की आतून आवाज येतो, "बोला, कोण हवंय?" ठकीला हे इतकं आवडलंय की ती दिवसातून चारदा ठोठावते आणि दर वेळी वेगळं कोणीतरी मागते. परवा तिने मावशी मागितली. आजी म्हणाल्या, "लाइन व्यस्त आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा." मी बाहेर उभी राहून ऐकत होते. हसू आलं आणि मग तुझा राग आला.

एकट्या आहेत. दोन खोल्या, सगळं जागच्या जागी, चहात साखर दोन चमचे आणि वर चिमूटभर. उजवा गुडघा गेलाय, त्यामुळे बाथरूमपर्यंतचा पॅसेज भिंतीला धरून चालतात. बाथरूम पॅसेजच्या टोकाला, आम्हा दोन्ही घरांचं एकच. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सगळं सांगून टाकलं. त्यांच्या खोल्यांचं भाडं त्यांच्या तरुणपणातलं आहे, ते वाढवायचा मालकाला अधिकार नाही आणि त्यांना काढायचाही नाही. बाकीचे भाडेकरू मालकाकडून पैसे घेऊन गेले. ह्या गेल्या नाहीत. "मी कुठे जाऊ गं? भाचीकडे? तिचा नवरा मला पाहून घड्याळ बघतो." असली माणसं मला माहीत आहेत, म्हटलं.

मालक काल आला होता. ह्यांना पॅसेजमध्ये घेऊन गेला, बुटाच्या टोकाने फरशी दाबून पाहिली. म्हणाला, फुटलीय ठिकठिकाणी, बाईंचा पाय अडकेल, काढून टाका सगळी. हे म्हणाले, दोन दिवसांत काढून आठवड्यात नवी बसवतो. मालक म्हणाला, "काढा. बसवायची घाई नाही."

ह्यांनी मला येऊन विचारलं, बसवायची घाई नाही म्हणजे काय? मी म्हटलं, त्याचा पैसा, त्याची घाई.

तुझी धाकटी

*

१९ मार्च

ताई,

पॅसेज अजून तसाच आहे. खाली नुसता सिमेंटचा खडबडीत माल, कुठे खड्डा, कुठे उंचवटा. ह्यांनी आजींसाठी कडेने एक फळी टाकली होती, मालकाने येऊन ती उचलायला लावली. म्हणाला, फळीवरून घसरल्या तर जबाबदारी कोणाची? बोलायला गेलं तर बरोबरच बोलतो तो. जिन्यातला दिवाही गेला होता, ह्यांनी नवा आणला, तर तो म्हणाला राहू द्या, तारा तपासायच्या आहेत. आता संध्याकाळी जिन्यात डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. आम्ही तरुण माणसं, आम्हाला चालतं.

आजी हल्ली बाहेर कमी पडतात. म्हणजे मग मला हाका. दूध आणतेस का, बादली उचलतेस का, जरा बाथरूमपर्यंत हात देतेस का. आठ तास चादरी पिळून आल्यावर आणखी एक बाई पिळायची ताकद माझ्यात नसते. मी करते, नाही असं नाही. पण तोंड वाकडं होतं आणि त्यांना ते दिसतं. त्यांना सगळं दिसतं.

मालक काय म्हणाला ते तुला सांगायचंय. मागच्या रविवारी ठकीला बिस्किटं घेऊन आला. आमच्या खोलीत बसला, भिंतीकडे बघून म्हणाला, "मधलं दार पूर्वी होतं इथे. बाईंच्या दोन खोल्या आणि तुमची ही, मिळून छान घर होईल. एखाद्या कुटुंबासाठी." मी विचारलं, भाडं? म्हणाला, "तुमच्याकडून काय जास्त घ्यायचंय. बघू. बाई आहेत तोवर मी काही म्हणत नाही."

तीन खोल्या, ताई. तुझ्या घरात किती आहेत? मी नुसतं विचारते.

हे म्हणाले, त्याच्या बोलण्याला लागू नकोस. मी कुठे लागले? मी फक्त विचार केला की आजींना भाची आहे. भाचीचा नवरा घड्याळ बघतो तर बघू दे, घड्याळ बघितल्याने कोणी मरत नाही. त्यांचं वय झालंय, त्यांना सोबत हवी. ह्या रिकाम्या इमारतीत एकटीने राहण्यात काय सुख आहे? हे मी त्यांच्या भल्यासाठी म्हणते. त्यांना तसं सुचवूनही पाहिलं. त्या म्हणाल्या, "तुला त्याने पाठवलं का?"

मला इतका राग आला म्हणून सांगू. कारण पाठवलं नव्हतं.

तुझी धाकटी

*

११ एप्रिल

ताई,

अखेर फरशी आली. पांढरी, चकचकीत, हॉटेलच्या दारात असते तसली. हे म्हणाले, ही पॅसेजची फरशी नव्हे, ओल्या जागेत खरखरीत फरशी घालतात. मालक म्हणाला, हीच घाला, बाईंना उजेड दिसेल.

तुला ठाऊक नसेल, पण बाथरूमच्या आसपास फरशी बसवताना सगळं कसब उताराचं असतं. डोळ्यांना जमीन सपाट दिसली पाहिजे आणि पाणी मात्र मुकाट जाळीकडे गेलं पाहिजे. ह्यांच्या उताराची अख्ख्या बाजारात वाहवा आहे. काम संपलं की ते नेहमी एक गोटी सोडतात. गोटी घरंगळत बरोबर जाळीपाशी जाऊन थांबते, मग बिडी पेटवतात. ठकी लहान असल्यापासून गोटी सोडायचं काम तिचं. कुठल्या कुठल्या साहेबांच्या घरी तिने गोट्या सोडल्यात.

ह्या वेळी त्यांनी तिला सोडू दिली नाही. ती गोटी घेऊन उभीच, आणि हे म्हणाले, "आत जा." असं ते तिच्याशी बोलत नाहीत. त्या दिवशी जेवले नाहीत, बिडीही ओढली नाही.

हे कामावर गेल्यावर मी सोडली. बाथरूमच्या दारातून. ती जाळीकडे गेलीच नाही. आधी जरा रेंगाळली, मग पॅसेजभर सरळ घरंगळत आजींच्या उंबऱ्याला जाऊन टेकली. मी पुन्हा सोडली, दुसरीकडून. पुन्हा तिथेच.

संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, उतार चुकला का?

ते म्हणाले, "मी कधी उतार चुकलोय?"

मग आपण होऊन म्हणाले, मालकाने उभं राहून करून घेतलाय. पाणी इकडून तिकडे काढा म्हणाला. हे म्हणाले, तिकडे बाईंचं दार आहे. तर मालक म्हणाला, "मी काही म्हणत नाही, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. खोलीला माणसं पुष्कळ विचारतायत."

ठकी शेजारी पाटी घेऊन बसली होती. छाती कशी मोकळी, श्वासाचा आवाज नाही. मी तिच्याकडे पाहिलं आणि ह्यांनी मला तिच्याकडे पाहताना पाहिलं. त्यानंतर आम्ही दोघंही त्या विषयावर बोललो नाही. मी काय म्हणणार होते, तूच सांग. उखडून टाका म्हणणार होते?

आजींनी फरशीचं कौतुक केलं. म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याच्या हाताला देव आहे.

तुझी धाकटी

*

३ मे

ताई,

आजी पडल्या.

गेल्या मंगळवारी सकाळी, त्यांच्याच दारात. बाथरूममधलं पाणी बाहेर येऊन उंबऱ्यापाशी साचलं होतं, त्यावरून पाय सरकला. मी कामावर होते. ठकी शाळेत. खाली रस्त्यालगतच्या लाकडाच्या वखारवाल्याला आवाज गेला आणि त्याने माणसं आणली. खुब्याचं हाड मोडलंय. ह्या वयात ते जुळत नाही म्हणतात, जुळलं तरी माणूस पहिल्यासारखा चालत नाही.

वखारवाला सांगत होता, आरडाओरडा नव्हताच. त्यांनी त्या टेलिफोनच्या आवाजात, अगदी स्वच्छ, पुन्हा पुन्हा म्हटलं, "हॅलो, कोणी आहे का?" त्याला आधी वाटलं रेडिओ लागलाय.

मालक हॉस्पिटलात फुलं घेऊन गेला. भाचीला बोलावून घेतलं, गाडी दिली, औषधांचं सगळं पाहिलं. लोक म्हणतात असा मालक मिळायला नशीब लागतं.

ह्यांनी कामावर जाणं सोडलंय. पॅसेजमध्ये भिंतीला टेकून बसतात. मी म्हटलं, पडायचं ते माणूस कुठेही पडतं, ह्या वयात गादीवरून उतरतानाही पडतात. ते म्हणाले, "गादीचा उतार मी केलेला नसतो."

ठकी रोज त्यांच्या दारावर ठोठावते. सांगितलं तरी ठोठावते. मग स्वतःच आतला आवाज काढते.

तुझी धाकटी

*

१५ मे

ताई,

हे पत्र ह्यांनी लिहायला लावलंय. तसं मीही लिहिलंच असतं, पण एवढ्यात नसतं.

मी हॉस्पिटलात जाऊन आले. ठकी हट्ट धरूनच बसली, नाही तर मी गेले नसते. आजी पलंगावर इतक्याशा दिसत होत्या. ठकीला म्हणाल्या, लाइन दुरुस्त होतेय, धीर धरा. ती खिडकीत गेल्यावर माझा हात धरला आणि हळू आवाजात विचारलं, "तू घरातच होतीस ना गं त्या दिवशी?"

मी नाही म्हटलं.

त्यांनी हात सोडला नाही. म्हणाल्या, "मग माझीच ऐकण्यात चूक झाली असेल. बादलीचा आवाज आला होता." आणि मग ह्यांना निरोप दिला, फरशी फार सुरेख झालीय, चूक माझ्या गुडघ्याची.

तुला मागच्या पत्रात मी कामावर होते असं लिहिलं ना? नव्हते. माझी दुपारची पाळी होती. मी चादर धुतली होती, आपलीच, ठकीची. बादली उचलून बाथरूममधून निघाले आणि दारात हिंदकळली. फार नाही. पाणी फरशीवरून त्यांच्या दाराकडे जाताना मी पाहिलं. कोपऱ्यात फडकं होतं. मी ते उचललं नाही, आत आले आणि दार लावून घेतलं. ढकललं नाही कोणी त्यांना. मी फक्त पुसलं नाही. आणि त्या 'हॅलो' म्हणाल्या तेव्हा मी दाराच्या आत उभी होते, हात ओलेच होते, आणि वखारवाल्याची पावलं जिन्यात वाजेपर्यंत मी हलले नाही. हे ह्यांना माहीत नाही. तुला सांगितलं, आता तू काय ते कर.

भाचीने त्यांना तिकडच्या कुठल्याशा आश्रमात ठेवायचं ठरवलंय. खोल्या रिकाम्या झाल्या. दुसऱ्याच दिवशी मालक आला. मी मधल्या दाराचं विचारणार, तेवढ्यात तो म्हणाला, पुढच्या महिन्यात इमारत पाडायला घेतोय. तीन खोल्यांचं घर त्याच्या बोलण्यात होतं, त्याच्या मनात कधीच नव्हतं, आणि ही गोष्ट साऱ्या गावाला कळली असेल, फक्त मलाच कळली नव्हती.

पण तो म्हणाला, घाबरू नका, तुमची सोय केलीय. शहराच्या पलीकडच्या टोकाला त्याची दुसरी इमारत आहे. तिथली खोली ह्याहून मोठी, तीन खिडक्या, भाडं हेच. तिथेही फरशीचं थोडं काम आहे. "आणि शेजारी एक आजोबा आहेत. एकटेच." हे उठून उभे राहिले. मालक म्हणाला, "मी काही म्हणत नाही. तुमचं काम स्वच्छ आहे, म्हणून तुम्हाला आधी विचारलं. रविवारी टेंपो पाठवतो, नको असेल तर परत पाठवा."

तो गेल्यावर हे म्हणाले, मी तिथे जाणार नाही. गोदामात गेलं की ठकीचं काय होतं ते त्यांनाही माहीत आहे, म्हणून ते पुढे म्हणाले, "ताईंना लिही. माझ्या नावाने लिही. त्या 'या' म्हणाल्या तर आपण जाऊ. मी भावोजींचे पाय धरीन, घरातली सगळी फरशी फुकट करून देईन. त्या नाही म्हणाल्या, तर मग..."

तर विचारते आहे. मी आयुष्यात तुझ्यापुढे पदर पसरला नाही, हे तुला ठाऊक आहे. आम्ही तिघं तुझ्याकडे येऊ का? रविवारच्या आत कळव. ह्या वेळी फोन कर, मी उचलेन.

तुझी धाकटी

*

७ जून

ताई,

तू फोन केलास. शुक्रवारी, मी चादरींच्या घड्या घालत होते तेव्हा. म्हणालीस, "सगळे या. आमच्या ह्यांच्याशी मी बोललेय. पुढच्या खोलीत पडदा लावते." तू रडत होतीस. बादलीबद्दल एक अक्षर काढलं नाहीस, फक्त म्हणालीस, "तिथून आधी नीघ." मी 'येतो' म्हटलं. मग आम्ही आलो नाही, आणि नंतर तुझे फोन मी उचलले नाहीत. तू वाट पाहिली असशील. ठकीसाठी काहीतरी करूनही ठेवलं असशील. म्हणून तुला खरं ते कळवते.

मी ह्यांना तुझा फोन आल्याचं सांगितलंच नाही. शनिवारी ते दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघायचे. शेवटी विचारलं, "ताईंचा काही निरोप?" मी म्हटलं, नाही. ते उठले, थापी आणि पट्टी धुतली, कोरडी केली आणि पिशवीत भरली. मला वाटलं होतं भांडतील. ते भांडले असते तर मी कदाचित सांगून टाकलं असतं.

तुला माझा राग येईल, यायलाच हवा. पण पडदा, ताई. तुझ्या पडद्याआड मी राहिलेय. खोकला आला की उशीत तोंड घालायचं, ठकी हसली की तिच्या तोंडावर हात ठेवायचा, भावोजींनी रात्री पाण्याचा तांब्या जरा जोरात ठेवला की आमचं काय चुकलं ते आठवत पडायचं. आणि तू, माझी सख्खी बहीण, माझ्याशी कुजबुजत बोलायचीस. तुझ्याकडे आले असते तर मी पुन्हा चांगली बाई झाले असते. मी खूप विचार केला, आणि मला ते नको होतं. मला खिडक्या हव्या होत्या. असं स्वच्छ लिहिलं की फार वाईट दिसतं, पण ते तसंच आहे.

इथे तीन खिडक्या आहेत. ठकीची छाती मोकळी आहे. शाळा जवळ, बाजार जवळ. पॅसेजच्या टोकाला बाथरूम आहे.

शेजारचे आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. आम्ही आलो त्याच दिवशी दारात खुर्ची घेऊन आले, म्हणाले सामान लागेपर्यंत बसायला असू द्या, आणि चहा टाकलाय, या. मी म्हटलं वेळ नाही. खुर्ची बाहेरच ठेवली. ह्या वेळी ओळखच करून घ्यायची नाही असं मी ठरवलंय. चहात साखर किती लागते, कुठला गुडघा दुखतो, हे एकदा कळलं की मग फार जड जातं.

मालकाचा निरोप आलाय, पॅसेजची फरशी काढून ठेवा म्हणून. ह्यांनी अजून हात लावलेला नाही. पिशवी उशाशी घेऊन पडून असतात, माझ्याशी बोलत नाहीत. मी दोन दिवस वाट बघेन, मग बोलेन त्यांच्याशी. मला जमतं आता बोलायला.

ठकीचं मात्र काय करावं कळत नाही. सकाळपासून ती आजोबांच्या खोलीत जाऊन बसलीय. दोनदा हाक मारली, 'आत्ता येते' म्हणाली. मी हे लिहितेय आणि भिंतीतून सगळं ऐकू येतंय. त्यांनी तिला नाव विचारलं, आणि ती एकेक करून आम्हा तिघांचीही नावं त्यांना सांगतेय.